मुठीतली कडी

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात मोटारीच्या गिअरच्या मुठीवर लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. मानसशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने मिस्त्रीच्या प्रांतात कशाला लुडबूड करावी, असेही कोणी विचारील. त्यावर माझे उत्तर दुपदरी आहे. एक तर, माणसाचा हात आणि त्या हातातले यंत्र यांचे नाते हा आमच्या विषयाचाच एक भाग आहे आणि त्याच्या पायाभरणीत मानसशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. दुसरे कारण अगदी घरगुती आहे. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे माझा डावा पाय अधू आहे. क्लच दाबणे त्याला जमत नाही. तेव्हा मी मोटार चालवायची तर ती स्वयंचलित गिअरची, म्हणजे बोलीभाषेतली ‘ऑटोमॅटिक’च हवी. अशा गाडीत एकटा उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही सांभाळतो, डाव्या पायाला सुट्टी असते आणि डावा हात गिअरच्या मुठीवर येतो. साहजिकच त्या मुठीशी माझा परिचय इतरांपेक्षा थोडा अधिक जवळचा आहे.

ही मूठ बदलण्याची वेळ माझ्यावर आली आणि त्या निमित्ताने मला बरेच काही शिकता आले. ते आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू.

मूठ का बदलावी लागते?

मोटारीचे म्हातारपण इंजिनाच्या आधी दिसू लागते ते हात लागणाऱ्या वस्तूंवर. स्टिअरिंगचे चाक गुळगुळीत होते, दाराच्या मुठींचा रंग उडतो आणि गिअरच्या मुठीची तर रयाच जाते. आपल्या कोकणातली दमट हवा, घामेजलेला तळहात आणि उन्हात उभी राहणारी गाडी या तिघांपुढे कशाचाच फार टिकाव लागत नाही. मुठीवर चामडे असेल तर त्याची शिवण उसवते. हाताला मऊ लागावे म्हणून प्लॅस्टिकवर जो रबरासारखा लेप दिलेला असतो तो दमट हवेत हळूहळू विघटित होतो आणि गूळ लागल्यासारखा चिकट होऊन बसतो. हे सारे दिसण्यापुरते झाले. त्यावर कापडाची खोळ शिवली तरी भागते.

माझ्या गाडीचे दुखणे मात्र वेगळे होते. गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातून आलेली. तिच्या मुठीच्या बाजूला एक बटण आहे. ते दाबले की दांडा हलतो, सोडले की बटण ‘टक्’ करून बाहेर येते. गेल्या पावसाळ्यात ते बटण आतच रुतून राहू लागले. आतला प्लॅस्टिकचा तुकडा झिजला होता. प्रथमदर्शनी यात तक्रार करण्यासारखे काही नव्हते. उलट आता बटण दाबण्याचे श्रमही वाचले, दांडा नुसत्या बोटाने सरकू लागला. घरातल्या मंडळींनी तर ‘बरेच झाले’ असा शेराही मारला. परंतु मी गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली तेव्हा त्यांनी दांडा दोनदा पुढेमागे करून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, “सर, ह्यो नुसतो गोळो नाय. ह्येच्यात कडी आसा. ती उघडी रवली तर घराक दार नाय.”

त्या एका वाक्यात सारा विषय आला. साध्या गाडीतील मूठ हा हाताला धरायला दिलेला गोळा असतो. ऑटोमॅटिक गाडीतील मूठ ही बहुधा एका कुलपाची कडी असते. हा फरक ज्याने ध्यानात घेतला त्याला मूठ बदलण्याची पुढची सारी कृती आपोआप समजते. ज्याने घेतला नाही त्याने पेचकस हातात न धरलेलाच बरा.

लाखेची मूठ

मूठ बदलायची आहे ही वार्ता आमच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात कशी पोहोचली कोण जाणे. मुलांनी आपसात वर्गणी काढून सावंतवाडीहून लाखेच्या रंगकामाची एक लाकडी मूठ करून आणली. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे आणि गंजिफांचे नाव सर्वतोमुखी आहे. त्या हातांनी कातलेली ती मूठ लाल-पिवळ्या वळ्यांनी अशी सजली होती की पाहतच राहावे. “सर, आता ही लावायची,” असा मुलांचा आग्रह. मी ती लावू शकत नाही हे त्यांना सांगताना माझा जीव थोडा खालीवर झाला. पण का लावू शकत नाही हे सांगितल्याशिवाय नकार देणे शिक्षकाला शोभत नाही. म्हणून त्या दिवशी एक तासभर मी फळ्यावर गिअरचा दांडाच काढला.

साध्या, म्हणजे हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत दांडा भरीव असतो आणि त्याच्या टोकाला आटे असतात. मूठ त्यावर बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. दांड्याचा व्यास आणि आट्यांमधले अंतर जुळले म्हणजे झाले. टोयोटाच्या साध्या गिअरच्या अनेक गाड्यांत हा व्यास १२ मिलिमीटर आणि आट्यांतील अंतर १.२५ मिलिमीटर असते, तर होंडाच्या अनेक गाड्यांत ते अनुक्रमे १० आणि १.५ मिलिमीटर असते. जुळत नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर मधला जोड कातून घेता येतो. आपले ट्रकवाले आपल्या गिअरच्या दांड्यावर काचेसारखे चमकणारे रंगीबेरंगी गोळे हौसेने मिरवतात, ते याच सोयीमुळे. अशा गाडीला मुलांची ती लाकडी मूठ शोभून दिसली असती.

माझ्या गाडीचा दांडा मात्र पोकळ आहे. त्या पोकळ नळीतून एक बारीक सळई खाली जाते. मुठीतले बटण दाबले की ती सळई खाली ढकलली जाते. सोडले की खालची स्प्रिंग तिला पुन्हा वर उचलते. सळईच्या खालच्या टोकाशी एक आडवी खीळ आहे आणि ती खीळ खाचा पाडलेल्या एका पोलादी पट्टीत अडकते. पट्टीतल्या काही खाचांच्या कडा उभ्या, तर काहींच्या उतरत्या असतात. उभ्या कडेच्या खाचेतून खीळ बाहेर काढायची तर बटण दाबून ती खाली न्यावीच लागते. उतरत्या कडेवरून ती नुसत्या ढकलण्यानेही घसरून पुढे जाते. घराच्या दाराची कडी कोयंड्यातून उचलल्यावाचून दार उघडत नाही, तसाच हा प्रकार. भरीव लाकडी मूठ बसवली म्हणजे ही कडी उचलायला बोटच राहत नाही. गाडी जिथे उभी आहे तिथेच उभी राहील.

पी, आर, एन, डी

दांड्याशेजारी लिहिलेली ही चार अक्षरे म्हणजे काय हे पाहिल्यावाचून खाचांचे रहस्य उलगडत नाही. आर म्हणजे मागे, एन म्हणजे मोकळे, डी म्हणजे पुढे. यांत फारसे कोडे नाही. पी मात्र नीट समजून घ्यायला हवे. पी म्हणजे ब्रेक नव्हे. गिअरपेटीतून चाकांकडे ताकद नेणाऱ्या आसावर एक दातेरी चक्र असते. दांडा पीवर नेला की एक पोलादी अडसर त्या चक्राच्या दोन दातांमध्ये जाऊन बसतो आणि आस फिरायचा थांबतो. सबंध गाडीचे वजन त्या एका अडसरावर येते. म्हणूनच उतारावर गाडी उभी करताना पाय ब्रेकवर ठेवून आधी हँडब्रेक ओढावा आणि मग दांडा पीवर न्यावा. म्हणजे ओझे चाकांवरच्या ब्रेकांनी उचललेले असते आणि अडसर केवळ राखणीला राहतो. उलट क्रमाने केले तर पुढच्या वेळी दांडा पीवरून काढताना जोरात धक्का बसतो. घाटात राहणाऱ्यांना त्याचा परिचय असेलच.

आता बटण कोठे दाबावे लागते ते पाहा. पीवरून निघताना दाबावे लागते. पीवर जाताना दाबावे लागते. बहुतेक गाड्यांत एनवरून आरकडे जातानाही दाबावे लागते. परंतु डीवरून एनकडे जाताना दाबावे लागत नाही. यामागचा विचार मोठा मार्मिक आहे. गाडी वेगात असताना काही बिनसले तर ताकद तोडता आली पाहिजे. म्हणून मोकळ्या अवस्थेकडे जाणारी वाट नेहमी उघडी ठेवली आहे. त्याच भरात हात आणखी पुढे गेला तर गाडी मागच्या गिअरमध्ये पडू नये; म्हणून त्या वाटेवर कडी घातली आहे. थोडक्यात म्हणजे, ज्या दिशेला धोका कमी त्या दिशेचे दार उघडे आणि ज्या दिशेला धोका जास्त त्या दिशेचे दार लावलेले.

माझ्या गाडीत शेजारच्या आसनावर नेहमी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. असा गठ्ठा घसरून दांड्यावर पडला तर चांगल्या मुठीच्या गाडीत दांडा फार तर एनपर्यंत जाईल. गाडी ओढायची थांबेल, एवढेच. बटण रुतलेल्या गाडीत तो थेट आरपर्यंत जाऊ शकतो. बटण दाबण्याचे जे श्रम वाचले असे आम्हांला वाटत होते, त्यांची खरी किंमत ही होती.

खाचांचा इतिहास

ही व्यवस्था एका दिवसात सुचलेली नाही. जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्डस्मोबिल गाड्यांसाठी ‘हायड्रामॅटिक’ नावाची गिअरपेटी आणली. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पूर्णपणे स्वयंचलित अशी ती पहिली गिअरपेटी. तिच्यात दांडा स्टिअरिंगच्या खांबाला असे आणि अक्षरांचा क्रम एन, डी, एल, आर असा होता. एल म्हणजे चढणीसाठीचा कमी वेगाचा गिअर. म्हणजे पुढे जाण्याचा एल आणि मागे जाण्याचा आर हे सख्खे शेजारी! इतर कंपन्यांचे क्रम आणखी वेगळे. एका गाडीची सवय झालेला हात दुसऱ्या गाडीत चुकावा, अशीच ती रचना होती. मग १९५६ पासून क्रायस्लर कंपनीने दांडा काढून टाकून गिअरसाठी चक्क बटणे दिली. १९६४ नंतर तीही बंद झाली. फोर्डच्या १९५८ सालच्या एडसेल गाडीत तर गिअरची बटणे स्टिअरिंगच्या मधोमध होती. ज्या जागी हॉर्न असावा अशी हाताची समजूत, त्या जागी गिअर!

राल्फ नेडर यांनी १९६५ साली मोटारींच्या सुरक्षिततेवर जे गाजलेले पुस्तक लिहिले त्यात गिअरच्या या गोंधळावरही टीका होती. पुढे अमेरिकन सरकारने मोटारींसाठी जी सुरक्षामानके लागू केली त्यांतील १०२ क्रमांकाचे मानक १९६८ पासून अमलात आले. पुढचा गिअर आणि मागचा गिअर यांच्यामध्ये मोकळी अवस्था असलीच पाहिजे, आणि दांडा पुढच्या किंवा मागच्या गिअरमध्ये असताना इंजिन सुरू होता कामा नये, असे ते मानक सांगते. आज आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांत पी, आर, एन, डी असा जो सर्वपरिचित क्रम दिसतो त्यामागे ही हकीकत आहे.

तरीही प्रश्न संपले नाहीत. दांडा पीपर्यंत पुरता न जाता पी आणि आर यांच्या मधेच विसावला, तर चालकाला वाटते गाडी अडसरात आहे, आणि प्रत्यक्षात ती नसते. अशा तक्रारींवरून १९८० साली फोर्ड कंपनी आणि अमेरिकन सरकार यांच्यात तडजोड झाली आणि दोन कोटींहून अधिक गाड्यांच्या मालकांकडे सावधगिरीच्या सूचनेच्या चिठ्ठ्या धाडण्यात आल्या. पुढे ब्रेकवर पाय असल्याशिवाय दांडा पीवरून हलूच नये अशी विजेवर चालणारी आणखी एक खीळ आली. १ सप्टेंबर २०१० नंतर अमेरिकेत विक्रीसाठी बनणाऱ्या पी असलेल्या सर्वसाधारण ऑटोमॅटिक गाड्यांना ती सक्तीची झाली. घरासमोर उभ्या गाडीत खेळणाऱ्या लहान मुलाने दांडा ओढला आणि गाडी चालू लागली, असे प्रसंग टाळावेत हा तिचा मुख्य हेतू. मुठीतली कडी आणि ब्रेकची खीळ अशी ही दुहेरी राखण आहे.

हात काय ऐकतो?

येथे आमचा मानसशास्त्राचा विषय येतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ जातीची काही विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत. विमान जमिनीवर आल्यावर वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटायला जाई आणि मिटे चाके. ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा मारून प्रकरण संपवता आले असते. आल्फोन्स शापॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने विमानाच्या आत जाऊन पाहिले तेव्हा त्याला दिसले की दोन्हींच्या कळा शेजारीशेजारी आहेत आणि हाताला अगदी सारख्या लागतात. त्याने सुचवलेला उपाय इतका साधा की हसू यावे: चाकांच्या कळीला चाकाच्या आकाराची मूठ आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीच्या आकाराची मूठ. डोळ्यांनी न पाहता हाताला कळावे की आपण काय धरले आहे. मोठ्या प्रवासी विमानांच्या अमेरिकन नियमांत मुठींचे हे आकार आजही ठरवून दिलेले आहेत. पुढे १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या अशा ४६० ‘चुकां’चे विश्लेषण केले. त्यांत एका कळीऐवजी दुसरी ओढल्याचे प्रसंग सर्वांत जास्त निघाले.

यातून निघणारे तत्त्व आपण सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. चालकाचे डोळे रस्त्यावर असतात. दांडा कोठे आहे ते त्याला हात सांगतो. मुठीची ठेवण, बटणाचा विरोध, खाचेत बसताना होणारे ‘टक्’ आणि दांड्याची जागा, या चार गोष्टी हात ऐकत असतो. त्यांतली एक जरी मुकी झाली तरी घोटाळा होतो. २०१४ आणि २०१५ सालच्या जीप ग्रँड चेरोकी गाड्यांत असा दांडा होता की तो कोठेही नेला तरी सोडल्यावर पुन्हा मधल्याच जागी येई. गिअर कोणता पडला ते फक्त दिव्यावरून कळे; हाताला कळत नसे. गाडी पीमध्ये आहे अशा समजुतीने माणसे खाली उतरली आणि गाडी घरंगळल्याचे प्रसंग घडले. कंपनीने एप्रिल २०१६ मध्ये या आणि अशाच दांड्याच्या आणखी काही गाड्या मिळून अकरा लाखांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्याच वर्षी जून महिन्यात अँटन येल्चिन हा सत्तावीस वर्षांचा अभिनेता लॉस एंजलिस येथे स्वतःच्या घराच्या उतारावर घरंगळलेल्या अशाच एका गाडीने चिरडला जाऊन मरण पावला. एवढ्याशा मुठीची गोष्ट किती दूर जाऊ शकते, याचे यापेक्षा दुःखद उदाहरण नाही.

प्रत्यक्ष कृती

आता मूठ कशी बदलावी ते सांगतो. माझ्या गाडीची मूठ मिस्त्रींच्या देखरेखीखाली मी स्वतः बदलली. कामाला अर्धा तास लागला. योग्य मूठ मिळवायला मात्र तीन आठवडे. त्याच बनावटीच्या, त्याच सालच्या आणि त्याच गिअरपेटीच्या गाडीची मूठ घ्यावी आणि सुट्या भागाचा क्रमांक ताडून पाहावा. एकाच नावाच्या गाडीत साल बदलले की बटणाच्या आतली रचना बदललेली असू शकते.

गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक पक्का ओढावा आणि चाकांच्या पुढेमागे दगड लावावेत. मुठीच्या खाली हात जायला जागा हवी असेल तर ब्रेक दाबून दांडा एनवर आणावा आणि मग किल्ली बंद करावी. या वेळी अडसर निघालेला असतो, म्हणून दगड आधी.

दांड्याभोवती एक जुने फडके पसरावे. सुटलेला स्क्रू किंवा स्प्रिंग खालच्या फटीत गेली की ती शोधण्यात दिवस जातो.

मूठ कशाने धरली आहे ते आधी शोधावे. चार प्रकार नेहमी आढळतात. काही गाड्यांत मुठीच्या गळ्याशी एक-दोन छोटे स्क्रू असतात. काहींत इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची तारेची चाप असते. ती बारीक पेचकसाने ओढून काढावी. काहींत गळ्याभोवतीचे कडे फिरवून किंवा खाली सरकवून मूठ सुटते. आणि काहींत मूठ नुसती घट्ट बसवलेली असून सरळ वर ओढावी लागते. ती एकदम निघते तेव्हा आपले तोंड तिच्या वाटेत नसावे.

मुठीवर ‘ओव्हरड्राइव्ह’ बंद करण्याचे किंवा दुसरे एखादे विजेचे बटण असेल तर तिच्यातून तारा खाली जातात. मूठ हिसकली तर त्या तुटतील. अशा वेळी बॅटरीची ऋण बाजू सोडवून, तारांचा जोड खाली शोधून आधी तो सोडवावा.

जुनी मूठ निघाली की तिचे बटण उगाच दाबत बसू नये. आतली स्प्रिंग उडते. दांड्याच्या नळीतून डोकावणारे सळईचे टोक पाहावे. ते वाकलेले किंवा खचलेले असेल तर नवी मूठही काम देणार नाही. नवी मूठ बसवताना तिच्यातला ढकलणारा तुकडा बरोबर त्या टोकावर यायला हवा. जोर लावून, ठोकून किंवा चिकटवून बसवण्याचा मोह टाळावा. नीट जुळणारी मूठ आपणहून बसते.

सहा परीक्षा

मूठ बसली म्हणजे काम झाले असे नाही. खरे काम आता सुरू होते. सपाट जागी, दगड न काढता, पुढील सहा गोष्टी पाहाव्यात. पहिली: किल्ली चालू आणि पाय ब्रेकवर असताना, बटण न दाबता दांडा पीवरून निघता कामा नये. दुसरी: किल्ली चालू असून ब्रेकवर पाय नसेल, तर बटण दाबूनही तो पीवरून निघता कामा नये. तिसरी: एनवरून आरकडे जाण्याची वाट, मूळ रचनेप्रमाणे, बटण न दाबता बंद असावी, डीवरून एनकडची वाट मात्र उघडी असावी. चौथी: बटण सोडल्यावर प्रत्येक वेळी पूर्ण बाहेर यावे. पाचवी: इंजिन पी आणि एन यांवरच सुरू व्हावे, आर किंवा डीवर नव्हे, ही परीक्षा करताना पाय ब्रेकवर दाबून धरलेला असावा. सहावी: मूठ फिरवून व वर ओढून पाहावी, ती हलता कामा नये, आणि दांडा जिथे आहे तेच अक्षर समोरच्या फलकावर उजळावे.

यांतली एक जरी परीक्षा नापास झाली तर गाडी रस्त्यावर काढू नये, मिस्त्रींना दाखवावी. येथे पस्तीस टक्क्यांवर पास होण्याची सोय नाही!

सगळ्या गाड्या एकसारख्या नाहीत

शेवटी एक खुलासा करणे अवश्य आहे. सर्वच ऑटोमॅटिक गाड्यांच्या मुठीत कडी असते असे नाही. काही गाड्यांत दांड्याची वाट सरळ नसून नागमोडी असते. एका जागेवरून दुसरीकडे जाताना हात बाजूला वळवावा लागतो आणि तो वळणच कुलपाचे काम करतो. टोयोटाच्या अशा अनेक गाड्यांत मूठ ८ मिलिमीटरच्या साध्या आट्यांवर बसते आणि आटे जुळणारी कोणतीही मूठ तिथे चालू शकते. आपल्याकडे २०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओपासून ‘एएमटी’ गाड्यांचा प्रसार झाला. त्यांत गिअरपेटी मुळात साधीच असते. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे यंत्र करते. अशा बहुतेक गाड्यांत पी ही जागाच नसते. तेव्हा गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढणे हाच तिथला अडसर. रेनोच्या क्विडमध्ये तर २०१६ साली दांड्याऐवजी रेडिओसारखी फिरवायची चकती आली. म्हणून पहिले काम म्हणजे आपल्या गाडीत कडी कोठे आहे ते ओळखणे. गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका त्यासाठी वाचावी. ती सहसा कोणी उघडत नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि मुलांच्या त्या लाखेच्या मुठीचे काय झाले, असे वाचक विचारतील. आमच्या ग्रंथपालांची गाडी साध्या गिअरची आहे. मिस्त्रींनी लाकडात आट्यांचे पितळी बूच बसवून ती मूठ त्यांच्या दांड्यावर चढवली. ग्रंथपाल खूश आहेत आणि मुलांचीही समजूत पटली आहे. माझ्या गाडीवर मात्र काळ्या प्लॅस्टिकची, दिसायला अगदी सामान्य अशी मूठ आहे. तिचे बटण दाबताना अंगठ्याला थोडा जोर द्यावा लागतो. तो जोर लागतो आहे तोवर आपली कडी शाबूत आहे, हे माझ्यासारख्या एका पायावर गाडी हाकणाऱ्याला पुरेसे आहे.